उतरायला एक माणूस हवा होता

आम्ही हेलिकॉप्टर घेऊन चौकीवर उतरलो तेव्हा जखमी दोन निघाले. वायरलेसवर एकच सांगितला होता.

"दुसरा आत्ताचा, साहेब!" चौकीचे सुभेदार पंख्याच्या आवाजावर ओरडले. "मांडीत लोखंड घुसलंय. रक्त थांबेना."

युद्ध चालू होतं. मी को-पायलट, म्हणजे शेजारी बसून काटे वाचणारा आणि मेजर साहेबांच्या शिव्या खाणारा. डोंगरावरच्या चौक्यांमधले जखमी उचलून खाली इस्पितळात पोचवायचे, हे आमचं काम. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पंख्याला जोर मिळत नाही, म्हणून वजन किलोकिलोने मोजायचं. मागची सीट काढलेली, इंधन जायला-यायला पुरेल इतकंच. दोन पायलट आणि एक जखमी, बस्स. इंजिन बंद करायचं नाही, कारण तिथे ते पुन्हा सुरू होईलच असं नाही. आणि थांबायचं मिनिटभर, कारण समोरच्या डोंगरावरच्या शत्रूच्या तोफेला आमचा हेलिपॅड पाठ होता.

"पोटात लागलेल्याला घ्या," मेजर साहेब म्हणाले. "दुसऱ्यासाठी परत येऊ."

दरीतून ढग वर चढत होते. परत येणं होणार नाही, हे त्यांनाही दिसत होतं. मांडीवाला जवान पांढराफटक पडला होता. शिंदे त्याचं नाव. माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून तो मराठीत म्हणाला, "साहेब, त्याला न्या. मी थांबतो." पोरगा खोटं बोलत होता. तो तासभरही थांबू शकला नसता.

आमच्या देवबागला खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. भरलेली होडी तिथे हमखास टेकायची. बाबा मासळी पाण्यात टाकायचे नाहीत, मला टाकायचे. "उतर रे," एवढंच. मी उतरलो की होडी सुटायची आणि मी मागून पोहत घरी.

मी बेल्ट सोडला. "सर, बूट-जॅकेटसकट मी ऐंशी किलो. तोही तेवढाच असेल. मी उतरतो."

"डोकं ठिकाणावर आहे का? काटे कोण वाचणार?"

"तुम्हीच. शिव्या घालायला शेजारी मी नसेन, वेळ मिळेल."

साहेबांनी दरीतल्या ढगांकडे पाहिलं. "उतर," म्हणाले.

शिंदेला माझ्या सीटवर बांधलं. हेलिकॉप्टर थरथरलं, हातभर उचललं आणि कड्यावरून दरीत कोसळल्यासारखं खाली गेलं. मग खालून पंख्याचा आवाज आला, सरळ, दमदार. मी सुभेदारांबरोबर खंदकात उडी मारली आणि मागे हेलिपॅडवर गोळा फुटला. कानांत दडे बसले.

संध्याकाळी वायरलेस बोलला: दोघांची ऑपरेशनं झाली, दोघेही वाचले. त्या खंदकात आम्ही जो आरडाओरडा केला, तो शत्रूलाही ऐकू गेला असेल. गेला तर गेला!

ढग चार दिवस हलले नाहीत. मी बटाटे सोलले. पाचव्या दिवशी मेजर साहेब स्वतः न्यायला आले. पुढे त्यांना शौर्यपदक मिळालं. मला आधी कमांडिंग ऑफिसरकडून झाप मिळाली, प्रशिक्षित पायलट डोंगरावर सोडून यायची वस्तू आहे का म्हणून, आणि मग कडकडून मिठी. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मेल्या, थंय काय खाडी होती उतरूक?" आणि रडायला लागली. मीही रडलो.

गेल्या हिवाळ्यात शिंदे बायको-मुलांना घेऊन देवबागला आला. थोडा लंगडतो, वजन शंभराच्या पुढे. खाडी समुद्राला मिळते तो संगम बघायला सगळे होडीत बसलो. होडीवाला डोकी मोजून म्हणाला, "एक माणूस जास्ती जाता. कोणीतरी उतरा बगया."

सवयीने मी उठलो. शिंदेने खांदा दाबून मला खाली बसवलं. "साहेब, आज माझी पाळी." तो उतरला आणि होडी चांगली वीतभर वर आली. काठावरून हात हलवत राहिला, लेकाचा, जिंकल्यासारखा हसत.

एवढी वर्षं उडून लोडिंगचा एकच नियम मला पक्का कळला आहे. ज्याला चालता येतं, त्याने उतरायचं. शिंदेला आता चालता येतं.