हळद लागलेली दुर्बीण

"मॅडम, हिला हळद कुणी लावली?"

मी टॉर्च मारून दुर्बिणीची पुढची काच बघत होतो. काच जिथे नळीत बसते तिथे कडेने पिवळी रेघ होती आणि मधोमध फिकट लाल डाग. गायकवाड मॅडमनी शेजारी बसलेल्या नामदेवमामांकडे पाहिलं. मामा त्यांच्या शाळेतले शिपाई. त्यांनी मान खाली घातली.

"म्याच लावली, सायेब. खंडेनवमीला. समद्या शाळेची पूजा करून राह्यल्तो. घंटीला लावली, काम्पुटरला लावली. मंग हिलाच कशी सोडायची?"

"अहो, पण काचेवर?"

"मंग हिचं कपाळ कुठं हाय?"

मी टॉर्च खाली ठेवला. नारळाचं पाणीही शिंपडलं होतं का, असं विचारलं. "जरासं," मामा म्हणाले. त्यानंतर खडूच्या डस्टरने काच पुसली होती, झाकण लावून दुर्बीण पिशवीत घातली होती आणि पिशवी कपाटात. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत ती तिथेच होती. श्रद्धेत काही कमतरता नव्हती, काच तेवढी वाईट झाली होती.

मी जालन्यात राहतो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. कालवा आखायला, जमिनीची उंची आणि कोन मोजायला जी दुर्बिणीची यंत्रं लागतात, ती दुरुस्त करणं हे माझं काम. रिटायर झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. शाळांचे मायक्रोस्कोप येतात, पण हल्ली जास्त येतात त्या पक्षी बघणाऱ्यांच्या दुर्बिणी.

या लोकांकडे दोन प्रकार असतात. एक गळ्यात अडकवायची, दोन डोळ्यांची, म्हणजे बायनाक्युलर. तिच्यावर 8x42 असं काहीतरी लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार. बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. काच जितकी रुंद तितका उजेड जास्त. लोक पहिला आकडा बघून खरेदी करतात आणि दुसऱ्या आकड्यामुळे पस्तावतात. दुसरा प्रकार म्हणजे स्पॉटिंग स्कोप. एका डोळ्याची, स्टँडवर लावायची दुर्बीण. ही वीसपट, चाळीसपट जवळ आणते. पक्षी नदीच्या मधोमध बसला असेल तर हिच्याशिवाय पर्याय नाही. मॅडमच्या शाळेला मिळालेली होती ती हीच. छोटी, हातभर लांबीची. एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेली.

"जल्दी आहे का?" मी विचारलं.

"रविवारी सकाळी पाहिजे, सर." त्या दिवशी शुक्रवार होता.

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची शाळा घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या काठी. हिवाळ्यात तिथल्या वाळूच्या बेटावर पट्टकदंब येतात. हा बदकापेक्षा मोठा, राखाडी पक्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतो. मॅडम मुलांना घेऊन त्यांची मोजणी करतात आणि पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपवर पाठवतात. त्या आठवड्यात त्यांना एका पट्टकदंबाच्या गळ्यात हिरवा पट्टा दिसला. त्यावर पांढरं काहीतरी लिहिलेलं. अभ्यासक लोक पक्षी पकडून असा पट्टा घालतात आणि सोडून देतात. नंबर वाचला की कळतं, हा कुठून आला. मॅडमच्या हातात त्या दिवशी फक्त बायनाक्युलर होती. पट्टा दिसला, नंबर दिसला नाही.

तेवढंच त्यांनी ग्रुपवर लिहिलं. एका जाणकार गृहस्थांनी उत्तर दिलं, "मॅडम, पिशवीचा तुकडा अडकला असेल. उत्साहात असं दिसतं." खाली सात-आठ जणांचे हसरे चेहरे.

"माझं जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "पण पोरांनी पण पट्टा बघितला होता. ती विचारून राह्यलीत, मॅडम, आपण खोटं बोललो का? काय सांगू त्यांना? आणि सोमवारी वरून नदीला पाणी सोडणार म्हणतात. बेट बुडालं की पक्षी कुठं जातील, कुणाला माहीत."

जुन्या खात्यातल्या एका मित्राला मी फोन लावला. पाण्याची बातमी बराबर होती. स्कोप ठेवून घेतला.

शनिवारी सकाळी उघडला. आतल्या प्रिझमवर बुरशी होती. प्रिझम म्हणजे काचेचा तिरका ठोकळा. नळीत उलटी आलेली प्रतिमा तो सरळ करतो. त्यावर कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरले होते. नारळाचं पाणी सांध्यातून आत गेलं होतं आणि चार महिने बंद कपाटात बुरशीला निवांत घर मिळालं होतं. हळद बाहेरची, ती स्पिरिटने गेली. डस्टरचे ओरखडे राहिले, पण ओरखड्यांनी फार बिघडत नाही. बुरशीला दिवस लागला. मऊ कापूस, थेंबभर द्रावण, गोल गोल हात, पुन्हा टॉर्च, पुन्हा तेच. संध्याकाळी प्रिझम बसवला, नळी बंद केली. समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव खणखणीत दिसलं. मला अगदी विशीतल्यासारखं वाटलं.

नियम असा आहे की भाग धुतल्यावर उघडी दुर्बीण सिलिका जेलसोबत दोन दिवस बंद डब्यात ठेवायची. सिलिका जेल म्हणजे बुटांच्या खोक्यात मिळते ती दाण्यांची पुडी. ती ओल शोषून घेते. माझ्याकडे दोन दिवस नव्हते. हेअर ड्रायर मारला आणि चालून जाईल म्हटलं. तीस वर्षं ज्युनियर लोकांना मी यावरूनच झापत आलो होतो.

शाळेच्या स्टँडचा एक पाय मोडका होता. म्हणून माझा जुना लाकडी तिपाई स्टँड न्यायचं ठरवलं. तो थिओडोलाइटचा. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायचं यंत्र. खात्याच्या लिलावातून मी घेतलेलं, माझ्याइतकंच म्हातारं. स्टँड बाहेर निघाला की यंत्राची पेटीही हातात येते, ही सवय.

"त्याला कुठं नेता?" बायकोने विचारलं.

"स्टँडसोबत."

"मला कधी नेलं न्हाई नदीवर असं, पेटीत घालून."

पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालो. कंडक्टरने स्टँडकडे बघून विचारलं, "काका, मोजणी कुणाच्या वावराची?" पक्ष्यांची म्हटलं, तर त्याने तिकीट फाडलं आणि पुढे काही विचारलं नाही. शहागडच्या फाट्यावर मॅडम आणि मामा जीप घेऊन उभे होते. तिथून नदीकाठ अर्ध्या तासावर. थंडी अशी की मामांनी मफलरमधून फक्त नाक बाहेर ठेवलं होतं.

बेट काठापासून दीड-दोनशे मीटरवर होतं. त्यावर राखाडी ठिपके हलत होते. मॅडमनी बायनाक्युलर लावली आणि बोट दाखवलं. "आहे, सर. डावीकडून चौथा. हिरवा पट्टा."

मी स्टँड उभा केला, स्कोप लावला, डोळा टेकवला. स्वच्छ. फोकस फिरवला, पक्ष्याची चोच दिसली, मान दिसली, हिरवा पट्टा दिसला. आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं होत गेलं.

बाहेरून काच पुसली. काही फरक नाही. धुकं आत होतं. ड्रायरने वाळली नाही ती ओल नळीत होती, आणि काठावरच्या गारठ्यात ती पुढच्या काचेवर आतून बसली. ऊन चढलं असतं तर ती गेली असती. पण ऊन चढलं की काठावर पाण्याच्या मोटारी सुरू होतात, माणसं येतात आणि पक्षी उठतात.

मॅडमनी बायनाक्युलर पुन्हा डोळ्यांना लावली. मामांनी मात्र कपाळावर हात मारला. "माझी हळद! माझ्यामुळं झालं, सायेब. म्या अडाण्यानं समदं घालवलं. पोरायला काय तोंड दाखवू?"

मला फार लाज वाटली. कबूल करणं अवघड होतं, पण त्या माणसाचा चेहरा बघवेना.

"मामा, हळद कालच गेली. आज जे झालं ते माझ्यामुळं. मी दुर्बीण वाळू दिली न्हाई. घाई केली."

मामांनी मफलर खाली ओढला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी? सायेब असून?"

"साहेब असून."

मग माझी नजर पेटीवर गेली. दोन मिनिटांत स्कोप खाली आणि थिओडोलाइट वर. याची दुर्बीण पंचवीसपट जवळ आणते आणि दूरच्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायलाच ती बनवलेली आहे. एकच अडचण. जुन्या यंत्रांत प्रिझम नसतो. तेवढीच काच कमी आणि तेवढाच उजेड जास्त, असा जुन्या लोकांचा हिशेब. त्यामुळे त्यात जग उलटं दिसतं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे.

मॅडमनी डोळा लावला आणि लगेच मागे झाल्या. "सर, पक्षी वाळूला लटकलेत! आणि तो चालला की दुसरीकडंच पळतो, सापडतच न्हाई."

"मला बघू द्या."

तीस वर्षं मी उलट्या माणसांच्या हातातल्या उलट्या पट्ट्या वाचल्या आहेत. पक्षी उजवीकडे चालला की यंत्रात डावीकडे जातो, हे माझ्या डोक्याला कळायच्या आधी हाताला कळतं. बारीक स्क्रू फिरवत मी त्याच्या मागे राहिलो. तो थांबला, खाल्लं, पुन्हा चालला. एकदा दुसऱ्याच्या मागे लपला. मग मान सरळ करून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मॅडम, लिहून घ्या. एच. सहा. एक."

"नक्की?"

"बिलकुल. पण माझ्यावर विश्वास कशाला ठेवता, मोबाईल आणा."

त्यांनी मोबाईलचा कॅमेरा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या काचेला टेकवला. मोबाईल हलू नये म्हणून मामांनी त्यांचं कोपर धरलं. पाच-सहा फोटो निघाले. एक साफ होता. "सर, हे तर एक, नऊ आणि मग एच आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. मी मोबाईल त्यांच्या हातातच उलटा फिरवला. हिरव्या पट्ट्यावर H61. पक्षी पायांवर उभा.

मॅडम रडल्या. मग स्वतःवरच हसल्या. मीही जरा तिकडे, नदीकडे बघितलं.

तेवढ्यात मामांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. कुंकू. गडी निघतानाच घेऊन आला होता. चिमूट धरून त्यांचा हात थेट थिओडोलाइटच्या काचेकडे निघाला. मी तो हवेतच पकडला.

"मामा, इथं न्हाई. इथं." मी स्टँडच्या लाकडी पायावर बोट ठेवलं.

"पायाला?"

"देवाला आपण कुठं लावतो डोकं?"

मामांना ते पटलं. त्यांनी पायाला कुंकू लावलं आणि हात जोडले. बेटावरचे पक्षी एकदम उठले, आमच्या डोक्यावरून कलकल करत गेले. त्यात आमचा कुठला होता ते कळलं नाही.

फोटो ग्रुपवर गेला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी नंबर शोधून काढला. पट्टा मंगोलियातल्या एका तळ्यावर घातलेला होता. सोमवारी शाळेत मॅडमनी नकाशावर त्या तळ्यापासून गोदावरीपर्यंत दोरा लावला. मुलं खरं बोलली होती, हे आता भिंतीवर होतं. त्याच दिवशी दुपारी पाणी आलं आणि बेट बुडालं. जाणकार गृहस्थांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "मॅडम, इतका स्पष्ट फोटो! स्कोप कोणत्या कंपनीचा?"

मॅडमनी लिहिलं, "पाटबंधारे खात्याचा."

स्कोप मी परत आणला आणि या वेळी चार दिवस डब्यात वाळवला. पिशवीत सिलिका जेलची पुडी घातली, स्टँडचा मोडका पाय नवा बसवला आणि त्यावर मार्करने लिहिलं: हळद-कुंकू इथे.

तुमच्याकडे दुर्बीण असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पूजा करायची तर पायाची करा. आणि दुरुस्ती करणारा माणूस एका दिवसात देतो म्हणाला, तर तो तीस वर्षांचा अनुभवी असला तरी दुर्बीण दोन दिवस त्याच्याकडेच राहू द्या.

माझ्या स्टँडच्या पायावर मामांचं कुंकू अजून आहे. बायको म्हणते पुसा. मी पुसत नाही.