दोन जावा आणि मधली कोरी जागा

थोरल्या जावेला घरात सगळे ‘गाईडॉक्टर’ म्हणत. गुरांच्या दवाखान्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गाईच्या कासेला येणारी सूज हा तिचा संशोधनाचा विषय. धाकटी बाळंतिणींची डॉक्टर. दूध पाजणाऱ्या आयांच्या छातीला सूज का येते, यावर ती अभ्यास करत होती. दोघींत भांडण नव्हतं, पण बोलणं कामापुरतंच. धाकटीला गमबुटांच्या वासाचं वावडं, आणि थोरलीला धाकटीच्या कडक इस्त्रीच्या साड्यांच्या तोऱ्याचं.

दोघींच्या शोधनिबंधांनी घरचा कॉम्प्युटर तुंबला, तेव्हा धाकटीच्या नवऱ्यानं एक सॉफ्टवेअर बसवलं. ते निबंध विषयवार लावायचं आणि त्यांचा नकाशाही काढायचं. प्रत्येक निबंध म्हणजे एक ठिपका. एकानं दुसऱ्याचा संदर्भ दिला असेल तर मध्ये रेघ. आळशी गडी, दोघींना मिळून एकच खातं काढून मोकळा झाला.

रविवारी दुपारी थोरलीनं नकाशा उघडला आणि ओरडली, “माझ्या गाईंमध्ये ह्या बायका कुणी घुसवल्या?”

धाकटी ओल्या हातांनीच धावली. “माझे लेख आहेत ते! पुसू नका हं, ताई!”

पडद्यावर ठिपक्यांची दोन दाट बेटं होती, एक गाईंचं, एक बायकांचं. मधे कोरी जागा, एकही रेघ नाही. सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “एका घरात राहून तोंडं फिरवल्यासारखी दिसतायत.”

दोघी ओशाळल्या. थोरलीनं मुकाट्यानं पलीकडच्या बेटावरचा एक लेख उघडला आणि वाचता वाचता थांबली. “सूज दिसेपर्यंत तुम्हाला पत्ताच लागत नाही? अगं, दूध आधी खारट होतं. आम्ही यंत्रानं मोजतो ते.”

“बाईचंही होतं की! पण दूध कमी का येतं, एवढंच शोधायला आम्ही मोजतो.”

“मग सूज दिसायच्या आधीच रोज मोजलं तर?” थोरली म्हणाली. मग धाकटीनं खुर्ची ओढली.

जेवणाचं टेबल निबंधांनी भरलं. घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवू लागले. आयांचं दूध रोज तपासू द्या, हा दोघींचा अर्ज धाकटीच्या रुग्णालयाच्या समितीनं पहिल्यांदा फेटाळला. “गाईची तऱ्हा बाळंतिणींवर?” दुसऱ्यांदा जावांनी नकाशाच समोर धरला: आजार एकच, पण दोन्ही बेटांमध्ये एकही रेघ नाही. अध्यक्षबाई त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी सही केली.

आयांच्या दुधाचे थेंब रोज तपासले जाऊ लागले. काही जणींची सूज ताप यायच्या आतच पकडली गेली. एक बाई तर घरी जाताना बाळाला पाजत पाजतच गाडीत चढली. धाकटीनं ते खिडकीतून पाहिलं आणि तडक गोठ्यावर फोन लावला. “ताई, जमलं!”

परिषदेत निबंध दोघींनी मिळून वाचला. शेवटी एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. “ही कल्पना सुचली कुणाला?”

“भांडता भांडता सुचली,” थोरली म्हणाली.

सभागृह हसलं आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की धाकटीनं भर मंचावर थोरलीला मिठी मारली. तिच्या साडीची इस्त्री पार मोडली. तिनं ती सारखी केली नाही.