मामीने टाळलेला धडा

मामीला शिवणाखेरीज कशात रस नव्हता आणि मामांना ग्रीकखेरीज. तरी संसार झकास चालला. मामा कॉलेजात एक प्राचीन ग्रीक महाकाव्य शिकवायचे, मामी घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे कोट शिवायची. मग मामांना झटका आला. उजवा हात गेला, घरातली रोजची भाषा गेली, उरले ते त्या महाकाव्यातले शब्द. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, तोंडपाठ असलेलं तेवढं टिकतं. हो-नाहीची मानसुद्धा उलटसुलट हलायची.

त्यातला एक शब्द ते रोज मामीकडे बोट दाखवून ओरडायचे. ती मशीनवर बसली रे बसली की सुरू. “ख्लाइना! ख्लाइना!”

“शिवी असणार,” मामी मला म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. “इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं आता बाहेर पडतंय.”

“त्यांच्या कॉलेजात कुणाला तरी विचारून येऊ का?”

तर माझ्यावरच उखडली. “खबरदार! नवरा माझा, शिवी मला. माझी मी समजून घेईन.”

मामांनी मुलांसाठी लिहिलेलं शब्दांचं पुस्तक तिने काढलं. मामांचंच ते, सगळं विषयवार धड्यांत, हवा तो शब्द चटकन सापडेल तर शपथ. मामीने खडूने चिंध्यांवर ग्रीक अक्षरं गिरवली. मग पहिला धडा घेतला तो शिव्यांचा. त्यात तो शब्द नव्हता. मी म्हटलं, सुटलीस. पण ती कसली सुटतेय! राग, सूड, शाप, सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागली.

पुढे लढाईचा धडा. कोट चढवायच्या पुतळ्यावर तिने चिठ्ठ्या टाचल्या, डोक्याला शिरस्त्राण, छातीला चिलखत, पोटऱ्यांना कवचं. त्यातली छातीची चिठ्ठी एका साहेबांच्या कोटातून घरी गेली. साहेब विचारत आले, “हे ‘थोरेक्स’ म्हणजे धुवायचं कसं?” मामी कित्येक दिवसांनी हसली.

जहाजं झाली, घोडे झाले. फक्त कपड्यांच्या धड्याला तिने हात लावला नाही. “मला काय शिकवताय कपडे? जन्म गेला त्यात.” हट्टी बाई! दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा एका दुपारी तोंड वाकडं करून तिने तो उघडला.

मी समोरच काजं करत होते. तिने बोट ठेवलं होतं तिथे लिहिलं होतं, ‘ख्लाइना: जाड लोकरीचं पांघरूण, थंडीत अंगावर घेण्याचं.’

उजेडासाठी मामीचं मशीन खिडकीशी होतं. सगळा गार वारा तिच्या मानेवर. गावाचे कोट शिवणारी ही बाई स्वतः भर थंडीत पातळ कपड्यात बसायची.

मामी उठली, कपाटातली शाल काढून गच्च लपेटून घेतली आणि मामांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. “ख्लाइना,” ती म्हणाली. तिचा उच्चार ऐकून मामांनी भुवया वर केल्या, तेवढ्यातही मास्तरकी सुटली नाही. मग त्यांनी डोळे मिटून हुश्श केलं. मला रडू आवरेना. मामी तर हमसून हमसून रडत होती.

जरा वेळाने मामांनी डावा हात खिडकीकडे केला आणि एक नवाच शब्द ओरडले.

“ओरडू नका हो,” मामी नाक पुसत म्हणाली. “दारं-खिडक्यांचा धडा उद्या घेते.”