बटन दाबाचं नाई

आमच्या ह्यायले बसता येत नाई. पाय धडधाकट हायेत, बसणंच जमत नाई. लग्नात पहिल्या पंगतीले जेवतेत आन् नवरी मांडवात याच्या आत चपला घालून उभे. सत्यनारायणाच्या कथेत दुसऱ्या अध्यायालेच उठतेत, म्हणतेत मोटर चालू राह्यली वाटते. कायची मोटर! पायाले भिंगरी हाय, दुसरं काही नाई.

सारी जवानी ह्यायनं बालाघाट ते खैरलांजी सवारी गाडी चालवली. महागू ड्रायव्हरचं नाव काढलं का त्या रस्त्यावरच्या बाया आजबी कपाळावर हात मारतेत. बाईचा एक पाय पायदानावर, एक खाली, तवाच गाडी हालली. रामपायलीच्या मंदिरातून प्रसाद घेऊन पळत येणाऱ्यायले सुद्धा कधी थांबले नाईत. थांबले ते एकीसाठीच. आमची पोरगी श्रुतिका कॉलेजले जाऊन राह्यली होती, तवा ती येईपर्यंत भरलेली गाडी उभी. कोणी बोललं तं म्हणत, इंजन गरम हाय.

मालकानं गाडी विकली आन् हे घरीच गाडी चालवाले लागले, दारातून आंगनात, आंगनातून दारात. थोरला पोरगा रजत पुण्याले गेला. पहिले रोज फोन करे, मंग रविवारी, आता दिवाळीले. हे त्याच्यावर काही बोलत नाईत. मीच बोलते, आन् बोलून बोलून माहाच गळा बसते.

तं अशा घरात श्रुतिकाले हैदराबादच्या एका कंपनीचं इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. दुपारी चार वाजता, लॅपटॉपवर. मोबाईल चालत नोता, हिशोबाचं काम स्क्रीनवर करून दाखवाचं होतं. झालं, घोड्यानं तिथंच पेंड खाल्ली! इंटरव्ह्यूच्याच दिवशी सकाळी लॅपटॉप बंद पडला. निळा पडदा, त्यावर एक रडकं तोंड. पोरगी तं पांढरीफटक पडली.

दुरुस्तीवाला प्रीतम आमच्याच मोहल्ल्यातला, पण त्याले तिरोडीले जाचं होतं. जाता जाता एक पेनड्राईव्ह देऊन गेला. म्हणे, यात नवी विंडोज हाय, हे लावा, पुरी नवी टाका, मी फोनवर सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतेत ते हेच. पण श्रुतिकानं बराबर केलं. जुनं सारं पुसलं, नवं चढाले लागलं. स्क्रीनवर चक्री फिरे, टक्के वाढत.

"आता एकच काम हाय," ती म्हणाली. "हे आपोआप बंद होऊन चालू होईन. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येईन, कोणतंही बटन दाबा म्हणून. ते दाबाचं नाई! पेनड्राईव्ह काढून घ्याचा. दाबलं का सारं पुन्हा पहिल्यापासून. बाबा, तुम्ही बसा इथं, मी छतावर तयारी करते."

आता सांगा, ज्याले बसता येत नाई त्याले बसवलं, आन् ज्याचे हात सळसळतेत त्याले म्हणलं हात लावू नका. मी चुलीपाशी होती. थोड्या वेळानं हे वरडले, "श्रुतू, हे तं परत सुरू झालं!"

"काहून? बटन दाबलं का?"

"सवयीनं लागलं वाटते बोट."

पोरीनं पुन्हा सारं लावलं, पुन्हा समजावलं, न्हायले गेली. बाहेर येते तं पुन्हा पहिलाच पडदा! मले तं असा संताप आला. "अजी, तुमचे हात बांधून ठेवू का खाटेले?" हे खाली पाहून बसले. घड्याळ पुढं सरकून राह्यलं होतं. श्रुतिकानं तिसऱ्या खेपेले लावलं आन् मले म्हणाली, "आई, तू बी बस बाबांजवळ." आन् कपडे इस्त्री कराले गेली.

बसली मी. चक्री फिरून राह्यली. हे उठले नाईत. खिडकीतून पाह्यलं नाई, पानी मागतलं नाई. नुसते टक्के पाहून राह्यले. तवाच मले खटकलं. लगन झाल्यापासून हा माणूस माह्याजवळ इतका वेळ कधी बसला नोता.

मंग स्क्रीन काळी झाली. पांढरी ओळ आली. आन् ह्यायचं बोट निंघालं.

पाहा, हा माणूस जे करते ते झटक्यानं करते. गिलास उचलला तं अर्धं पानी सांडते. पण ते बोट हळू चाललं होतं. कोणी झोपलेल्या लेकराच्या आंगावर हात ठेवाले जाते, तसं. ते सवयीचं बोट नोतं.

मी मनगट धरलं. घट्ट धरलं.

"सोड, मैना," हे हळूच म्हणाले. "एकच खेप. चार वाजून जातीन."

"आन् मंग?"

"मंग राहीन आपली इथंच. इथंबी शाळा हायेत, दुकानं हायेत. रजत गेला तं काय राह्यलं? हीबी गेली तं मी कोणासाठी..." मी दुसऱ्या हातानं पेनड्राईव्ह उपडून घेतला. ओळ गेली, चक्री पुन्हा फिराले लागली, आन् आम्ही दोघं तसेच बसलो.

चारच्या आत लॅपटॉप चालू झाला. इंटरव्ह्यू झाला. श्रुतिका दाराबाहेर आली तं चेहराच सांगून राह्यला होता. एक तारखेले बोलावलं, म्हणे. आल्या आल्या बापाच्या पाया पडाले वाकली.

हे मांगं सरकले. "पाया नको पडू. मी दाबलं होतं बटन. पहिल्यानं चुकून. दुसऱ्यानं मुद्दाम."

पोरगी वाकलेलीच राह्यली. मंग पायाले हात लावूनच उठली. "मले माहीत हाय, बाबा. दुसऱ्या खेपेले न्हाऊन येता येता मी दाराच्या पडद्यामांगून पाह्यलं. म्हणून तं आईले बसवलं. म्हणलं आई काही दाबू देत नाई."

असं म्हणून ती माह्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती, आई, तू नसती तं काही खरं नोतं म्हणून राह्यली होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राह्यली. ह्यायनं माह्याकडं पाह्यलं, मी नजर फिरवली. ते बोट निंघालं तवापासून मनगट धरेपर्यंत मी किती वेळ नुसती पाहत बसली होती, हे पोरीले नाई, त्यायलेच माहीत हाय.