उंबऱ्याबाहेरचे ‘ई’

दोघी एकाच घरात दिलेल्या आणि एकाच शाळेत शिकवणाऱ्या. घरी थोरली आणि धाकटी जाऊ, शाळेत थोरल्या बाई आणि धाकट्या बाई. थोरलीची वाणी इतकी गोड, की मुंग्या लागाव्यात. धाकटी कमी बोले. तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे, आत मुरत असे.

इंग्रजी शब्दाला ‘आयएनजी’, ‘ईडी’ असं शेपूट लावायचं म्हटलं की मुलं गांगरायची. म्हणून धाकटीने पुठ्ठ्याची अक्षरं कापली, दोरा ओवून मुलांच्या गळ्यात घातली आणि वर्गात शब्दच उभे केले. ‘रन’ला शेपूट लागणार म्हटलं की त्याच्या ‘एन’चा जुळा भाऊ धावत येऊन शेजारी उभा राही. ‘ईडी’ लागणार असलं की ‘क्राय’चा ‘वाय’ आपला पुठ्ठा उलटा करी आणि ‘आय’ होऊन बसे. ‘मेक’, ‘राइड’, ‘डान्स’ यांच्या शेवटी मात्र एक मुका ‘ई’ उभा असे. ‘आय’, ‘एन’, ‘जी’ ही तिघं शेपूट होऊन येत आणि त्याला कोपराने ढकलत. तो बिचारा दाराबाहेर जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसे. बाहेर वारा असे, म्हणून ‘ई’ व्हायला मुलं भांडत.

शेपूट सुटलं की शब्द पुन्हा पुरा करायचा. तिथे धाकटीचा नेम कडक होता. ‘ई’ने आपणहून आत यायचं नाही, बाईंनी हाक मारली तरी नाही. ज्यांनी ढकललं त्यांनीच उंबऱ्यापाशी यायचं, त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, ‘चल, तुझ्यावाचून अडलंय.’

थोरली हा धडा दाराआडून बघे, पण ढकलाढकली होईपर्यंतच. मग हसत चहाला निघून जाई. तेवढ्या भांडवलावर तिने ती युक्ती आपली म्हणून मुख्याध्यापकांच्या गळी उतरवली. इंग्रजीचा वर्ग तिला मिळाला. धाकटीकडे शिवणाचा तास आला, तोही बाहेर व्हरांड्यात. रात्री भांडी विसळताना धाकटीने जाब विचारला, तर थोरली म्हणाली, “अगं, घरातलीच गोष्ट. तुझं काय नि माझं काय.”

धाकटीने हातातलं पातेलं पालथं घातलं.

पाठ बघायला तपासनीस येणार असं ठरलं आणि थोरलीने तालमी सुरू केल्या. त्या शेवटच्या तासाला असत. घंटा झाली की पायरीवरचे ‘ई’ पुठ्ठे खिडकीत टाकून परस्पर घरी पळत. त्यांना आत कसं घेतात, ते थोरलीला कधी कळलंच नाही. धाकटी सुई चालवत हे बघत होती. एक वाक्य सांगितलं असतं तर काम झालं असतं. ते वाक्य तिने दाताखाली धरलं आणि दोऱ्याबरोबर तोडून टाकलं.

तपासनीस आले. शब्द उभे राहिले, शेपटं लागली, ‘ई’ एकामागून एक बाहेर आले. साहेब खूश झाले. म्हणाले, आता शेपटं काढा, मूळ शब्द बघू. ‘आयएनजी’ची पोरं दाराकडे निघालीच होती. थोरलीने त्यांना दटावून जागेवर उभं केलं आणि स्वतः हाक मारली. आधी साखरेच्या आवाजात, मग मिरचीच्या. पायरीवरचं एकही पोर हललं नाही. शेवटी ती घाम पुसत उंबऱ्यापाशी आली.

“अगं, आण ना यांना आत,” ती व्हरांड्यात शिवत बसलेल्या धाकटीला हळूच म्हणाली.

धाकटीने मान वर केली नाही. “मी आणून चालत नाही, जाऊबाई. ज्यानं ढकललं त्यानं न्यायचं असतं. तुमचीच युक्ती ना? तुम्हाला ठाऊक असेल.”

साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, युक्ती नक्की कोणाची? थोरली पायाच्या अंगठ्याकडे बघत पुटपुटली, “हिची.”

“आत ऐकू गेलं नाही, जाऊबाई,” धाकटी म्हणाली.

थोरलीला ते मोठ्याने म्हणावं लागलं. साऱ्या वर्गाने ऐकलं, मुख्याध्यापकांनीही. तरी धाकटी लगेच उठली नाही. टाका पुरा केला, गाठ मारली, सुई कापडात खोचली. तोवर थोरली हात पुढे करून उंबऱ्यात ताटकळत राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्ग धाकटीचा झाला आणि शिवणाची टोपली थोरलीकडे गेली. धाकटी दार सताड उघडं ठेवून शिकवू लागली, दर शब्द बाहेर नीट ऐकू जावा असं. ‘ई’ बाहेर येत आणि थोरलीशेजारी पायरीवर बसत. थोड्या वेळाने शेपटं येऊन त्यांना हाताला धरून नेत.

एकदा एक चिमुरडी ‘ई’ उठता उठता थबकली. म्हणाली, “थोरल्या बाई, तुम्हाला न्यायला कोण येणार?”

आत धाकटीने ते ऐकलं. क्षणभर तिचा खडू थांबला. मग तिने फळ्यावर पुढचा शब्द लिहिला.