कांबळे सरांचा वाकडा रेझर

सकाळी सव्वासात. औराद. काशिनाथअण्णांचं हार्डवेअरचं दुकान, शटर अर्धं वर. काउंटरवर दोन रेझर, पाण्याचा एक मग, चहाचे चार कप, आणि माझ्या हनुवटीवरून ओघळणारं रक्त.

तीस वर्षं पंचायत, पाणी आणि रस्ते यांच्या बातम्या केल्या. त्यातून माझ्याकडे जे साठलं त्यातलं निम्मं छापता येत नाही, उरलेलं निम्मं छापून आलं तरी कुणी वाचत नाही. दाढीचे किस्से मात्र न मागता जमत गेले. ना निवेदन, ना मोर्चा! रोज सकाळी चार माणसं एका काउंटरभोवती उभी राहिली की एक किस्सा तयार.

चार माणसं म्हणजे दुकानाचे मालक अण्णा, शेजारच्या गाळ्यात सलून चालवणारा नागनाथ, आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून रिटायर झालेले कांबळे सर, आणि मी.

त्या दिवशी रक्त आलं ते नव्या रेझरनं. मी तो ऑनलाइन मागवला होता. वर्णनात लिहिलं होतं, 'अ‍ॅग्रेसिव्ह'. तेवढा एक शब्द वाचून मी पैसे भरले.

जखमांवर पेपरचे कपटे चिकटवून मी दुकानात आलो. अण्णांनी चष्मा नाकावर ओढला, हनुवटीजवळ तोंड आणलं आणि मोठ्यानं वाचलं, "'...च्या विरोधात तीव्र आंदोलन.' अय्यो! तुमची बातमी तुमच्याच हनुवटीवर छापून आली की वो!"

*

अ‍ॅग्रेसिव्ह म्हणजे काय, हे सरांनी समजावलं. सर काहीही समजावताना आधी वस्तू उघडतात. रेझरचे तीन भाग काउंटरवर मांडले: वरची टोपी, खालची प्लेट, दांडा. मध्ये ब्लेड. प्लेटच्या दोन्ही कडांना कातडी अडवणारी पट्टी असते. तिच्या आणि धारेच्या मधली फट जेवढी मोठी, धार जेवढी बाहेर डोकावणारी, तेवढा रेझर तिखट.

"किती मोठी?" मी विचारलं.

सरांनी शर्टाच्या खिशातून फीलर गेज काढलं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. फटीत एकेक पातं सरकवायचं, जे नेमकं बसेल ते तिचं माप. रिटायर झालेला माणूस खिशात पेन ठेवतो, गोळ्या ठेवतो. हा माणूस गेज ठेवतो!

अण्णांचा रेझर एकदम मऊ निघाला. माझा जहाल तिखट. सरांनी स्वतःचा कधी आणलाच नाही. अण्णांनी लगेच बारसं उरकलं. स्वतःच्या रेझरचं नाव 'गाय'. माझ्याचं नाव 'पत्रकार'.

"कामून?" मी भडकलो.

"दिसंल त्याला चावतंय."

*

अण्णांच्या गायीचाही एक किस्सा आहे. एकदा त्यांनी ब्लेडची नवी कंपनी आणली आणि सकाळी येऊन जाहीर केलं, "असलं ब्लेड जन्मात बघितलं न्हाई! गालावरनं फिरतंय का न्हाई, कळतसुदिक न्हाई. लोणी हाय लोणी!"

नागनाथनं त्यांच्या गालाकडे बघितलं. दाढी कालच्यासारखीच होती.

"अण्णा, केलाव का दाढी?"

"आत्ताच की! वय झालं की जोरात वाढती रे."

सरांनी रेझर मागवला, उघडला. ब्लेड अजून मेणकागदात होतं!

*

माझ्या रेझरमध्ये ब्लेड तिरकं बसायचं. डावीकडे धार जास्त बाहेर, उजवीकडे कमी. ग्राहकाची फसवणूक म्हणतात ती हीच! मी कंपनीला ईमेल लिहिला. उत्तर नाही. दुसरा लिहिला, त्यात 'ग्राहक मंच' हा शब्द घातला. तिसऱ्यात फोटो जोडले आणि मी कोण आहे तेही कळवलं.

मग एका मुलीचा फोन आला. फार नम्र. "सर, दांडा घट्ट करताना रेझर कसा धरता?"

"कसा म्हणजे? उभा! सगळे धरतात तसा."

"उलटा धरून बघा सर. टोपी खाली. टोपीच्या दोन टोकांना बोटांनी दाबा आणि मग दांडा फिरवा. उभा धरला की फिरवताना ब्लेड सरकतं."

मी म्हणालो, चूक तुमच्या मालात आहे, माझ्या हातात नाही. फोन ठेवला. काउंटरवर सरांनी माझा रेझर उलटा धरला, टोकं दाबली, दांडा पिळला, गेज घातलं. दोन्ही बाजू सारख्या!

"मग आता?" अण्णांना आनंद लपवता येत नव्हता.

"आता काय?"

"खुलासा छापा की वो. 'गेल्या तीन ईमेलांत नजरचुकीनं...'"

तीस वर्षांत मी एकही खुलासा छापलेला नाही. त्या दिवशीही छापला नाही. पण रेझर तेव्हापासून उलटा धरतो.

*

नागनाथला आमचं सगळंच हास्यास्पद वाटतं. तो ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि कामाला लागतो. "मला अलाइनमेंटचा प्रश्नच न्हाई," तो म्हणतो. "तुम्ही तिघं मापायलाव कधी, करायलाव कधी?"

अण्णा सणावारी त्याच्या खुर्चीत बसतात. मीही बसतो. सर कधीच नाही. पंधरा वर्षं शेजारी, एका कपातला चहा अर्धा अर्धा करून पितात, पण खुर्चीत नाही. केस घरी बाई, म्हणजे सरांच्या मिसेस, कापतात, दाढी सर स्वतः करतात.

"सर, एकदा बसा की," नागनाथ म्हणायचा. "नवी खुर्ची हाय, मान मागं जाती. पैसे नक्को."

"बसू की, बसू."

"कामून बसत न्हाई?" एकदा मी थेट विचारलं. खोदून विचारणं हा माझा धंदाच.

"सवय न्हाई," सर म्हणाले आणि गेज पुसून खिशात ठेवलं. प्रश्न तिथंच संपला. मंत्र्यालासुद्धा मी इतक्या सहज सोडलेलं नाही.

*

मग सरांच्या हृदयात स्टेंट बसला. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. आता जरासं कापलं तरी अर्धा तास रक्त थांबेना. आणि सर कापून घेत होते, दर दोन दिवसांनी, कारण त्यांचा रेझर वडिलांचा होता. जुना, पितळी, वरचा मुलामा उडालेला. वडील, गोविंदराव, रस्त्याच्या कामावरच्या गँगमध्ये होते. पहिल्या पगारात हैदराबादहून त्यांनी तो आणला होता.

एके दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या. त्या कधी येत नाहीत. आल्या त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"अण्णा, तुमच्या मित्राला सांगा. उशी बदलून बदलून मी थकले. या महिन्यात ते रेझर सरळ करा, न्हाई तर मशीन घ्या. न्हाई तर मीच ते भंगारात टाकते."

सर खाली बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "मशीन नको. ह्याच्यावर बापाचा हात फिरलाय."

त्या सकाळी कुणी विनोद केला नाही. रेझर उघडला. गेज घातलं. एका बाजूला फट बारीक, अण्णांच्या गायीएवढी. दुसऱ्या बाजूला माझ्या पत्रकारापेक्षा मोठी!

मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "उलटा धरून पिळा."

उलटा धरला. तसंच. ब्लेड फिरवून घातलं. तसंच. दुसऱ्या कंपनीचं घातलं. तरी तसंच. म्हणजे दोष ब्लेडचा नव्हता, बसवण्याचाही नव्हता. प्लेटचाच. एका बाजूची पट्टी चक्क खाली गेलेली.

"मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट!" मी म्हणालो. "कंपनी कोणती?"

"बंद पडून चाळीस वर्षं झाली असतील," सर म्हणाले.

नागनाथनं सोपा उपाय काढला. "बारीक बाजूनंच करा की दाढी."

"साबण लागला की बाजू कळत न्हाई रे. आणि ब्लेडला धारा दोन असत्यात." सर फिटर होते. वाकडा जॉब तसाच पुढं ढकलणं त्यांना जमत नव्हतं. ठरलं असं, की खाली गेलेल्या पट्टीवर डाख, म्हणजे वितळलेलं कथील, भरायचा आणि कानशीनं घासून दोन्ही बाजू एका मापात आणायच्या. एकदा घासलं की परत मागं फिरणं नाही. रविवार ठरला, दुकानाला सुट्टी असते म्हणून.

जाता जाता माझा अंगठा प्लेटच्या टोकावरून फिरला. काहीतरी बोचलं. रुंद बाजूच्या शेवटाला तीन बारीक खाचा होत्या, एकाशेजारी एक.

"हे काय?"

"झीज," सर म्हणाले.

झीज इतक्या सारख्या अंतरावर होते का, असं मला विचारायचं होतं. अण्णांनी चहा पुढं केला आणि राहून गेलं.

*

रविवार, सकाळी आठ. शटर अर्धंच वर. प्लेट शेगड्यात, म्हणजे अण्णांच्या लोखंडी पकडीत आवळलेली. डाखाची तार बाहेर काढलेली, कानस ठेवलेली. सरांनी चष्मा बदलला.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक म्हातारा आत आला. ऐंशीच्या पुढचा, हातात काठी, गालावर पांढरं खुंट. दाराची कडी हवी होती त्याला.

"आज बंद हाय बाबा," अण्णा म्हणाले.

"मग शटर कामून उघडं ठेवलाव?" म्हातारा म्हणाला. मग त्याला सर दिसले. "व्हय रे, तू गोविंदाचा न्हवं का?"

सर वाकून त्याच्या पाया पडले. "मारुतीकाका. आमच्या गावचे," त्यांनी आम्हाला सांगितलं.

काकाचं लक्ष शेगड्याकडे गेलं. तो जवळ आला. "हे गोविंदाचं रेझर. काय करायलास त्याला?"

"वाकडं झालंय काका. सरळ करायलोय."

"काढ बाहेर."

सरांनी शेगडा सैल केला. काकानं प्लेट हातात घेतली. बघितलीसुद्धा नाही. अंगठा टोकावर नेला, खाचा सापडल्या, थांबला.

"ही आमची बाजू," तो म्हणाला. मग प्लेट फिरवली. "ही तुझ्या बापाची."

त्यानं काठी काउंटरला टेकवली. मग सांगायला लागला.

"आयतवारी तुमच्या दारात आमची रांग बसायची. बारा, पंधरा माणसं. आठ दिवसाची दाढी. बारीक फटीत केस अडकायचं, डोळ्याला पाणी यायचं. मग तुझ्या बापानं एक बाजू कानशीनं खाली घेतली. साबणाच्या हाताला कळावं म्हणून खाचा मारल्या. पोरगं नवरदेव असलं की बारीक बाजू. आम्हाला तिखट." त्यानं प्लेट सरांच्या हातात ठेवली. "वाकडं न्हाई रे ते."

सरांनी स्वतःचा अंगठा खाचांवरून फिरवला. "रांग म्हाईत होती," ते म्हणाले. "पाणी मीच गरम करायचो. बाजू म्हाईत नव्हती."

नागनाथ उठून बाहेर गेला. मला वाटलं, गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं, साबण, ब्रश, धुतलेला टॉवेल आणि कोरं ब्लेड. ते सगळं त्यानं काउंटरवर ठेवलं आणि अण्णांच्या खुर्चीचं तोंड उजेडाकडे फिरवलं.

काका खुर्चीत बसला. सरांनी रेझर जुळवला, उलटा धरून. टोपीची टोकं दाबली, दांडा पिळला. अंगठ्यानं खाचा शोधल्या. दाढी झाली. एक थेंबही रक्त नाही.

काकानं गालावरून हात फिरवला. "तुझ्या बापापेक्षा हात जड हाय तुझा."

सरांनी डाखाची तार गुंडाळून ठेवली. त्या दिवसापासून ते स्वतःची दाढी बारीक बाजूनं करतात, बाजू अंगठ्यानं शोधून. बाईंची उशी पांढरी आहे.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट राहिली होती. काकाला एसटीपर्यंत सोडताना विचारलं, "गावात न्हावी नव्हता?"

"व्हता की. पंचायतीच्या समोर. आयतवारी तर दिवसभर उघडं. आरसा रस्त्याकडं तोंड करून लावलेला. येता-जाता आम्ही दिसायचो त्यात."

पुढच्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं लिहिलं की बाकीची सुटतात. माजी सरपंचांना विचारलं, पंचायतीत विचारलं, ज्या घरात तेव्हा न्हाव्याचं दुकान होतं त्या घरी विचारलं. नियम कुणी केला? सरांच्या वस्तीला दुकानात बसू द्यायचं नाही हे कुणी सांगितलं? चहा सगळीकडे मिळाला. उत्तरही सगळीकडे एकच मिळालं, जवळजवळ त्याच शब्दांत.

"आमच्या गावात तसलं काय नव्हतं, साहेब."

दप्तरात ठराव नाही. कुणाची सही नाही. कुणाला आठवत नाही.

प्लेटवर तीन खाचा आहेत.