भाऊजींच्या गाडीचा हिवाळा

इंग्लंडात, आमच्या बेसिंगस्टोकच्या घराला गॅरेज होतं आणि त्यात आमची गाडी कधीच उभी राहिली नाही. तिथे भाऊजींची मोटरसायकल झोपायची. दसऱ्याला आत गेलेली ती गुढीपाडव्याला बाहेर यायची. मधले पाच-सहा महिने मी रोज सकाळी हात गारठवत माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे, आणि आत ती चादर पांघरून खुशाल पडलेली असायची.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे ऑफिसातले मित्र. दोघं एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे. भाऊजी मूळचे सांगलीचे, लग्न न केलेले, आणि राहायला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मोटरसायकल काही जिन्यावरून नेता येत नाही, म्हणून फक्त एका हिवाळ्यापुरती ती आमच्याकडे आली. तो एक हिवाळा नऊ वर्षं चालला.

इथले मोटरसायकलवाले हवा बघून गाडी ठेवतात. भाऊजी सांगलीहून आलेलं पंचांग बघायचे. एका वर्षी दसरा लवकर आला आणि पुढे तीन आठवडे असं लख्ख ऊन पडलं की शेजारी उघड्या अंगानं बागेत बसले. भाऊजी मात्र कोट घालून बसच्या रांगेत. मी म्हटलं, काढा की बाहेर, कोण बघतंय? तर म्हणाले, "वहिनी, एकदा निजवलं की निजवलं. सारखं उठवू नये." पूजेला झेंडू माझ्या कुंड्यांतले, नारळ मी आणलेला. कुंकू मात्र ते टायरला लावायचे, कारण टाकीला लावलं तर रंग जाईल. भक्तीत इतकी सावधगिरी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

पूजा झाली की खरं कर्मकांड सुरू व्हायचं. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत गंज धरतो. कार्बुरेटरमधलं पेट्रोल मात्र थेंब न थेंब काढायचं. प्लग काढून आत चमचाभर तेल सोडायचं; तो चमचा माझ्या स्वयंपाकघरातला, आणि तो परत आलेला मी पाहिलेला नाही. चाकांखाली फळ्या. पहिल्या वर्षी पांघरायला मी एक जुनी नायलॉनची साडी दिली, ती घडी घालून परत आली. "हिला घाम येतो, वहिनी. सुती द्या." माझी चांगली सोलापुरी चादर गेली. यातल्या कशालाही आम्ही हात लावायचा नाही, असा दंडक होता.

बॅटरीला गॅरेजमध्ये थंडी वाजते म्हणून ती घरात, गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या एअरिंग कपबोर्डमध्ये, टॉवेलांच्या शेजारी. माझ्या दोन टॉवेलांना ॲसिडची भोकं पडली. एका जानेवारीत मी तापानं फणफणले होते, तेव्हा भाऊजींचा फोन. बॅटरीला ऊब पुरते का, हे विचारून झाल्यावर म्हणाले, "तुमचा आवाज का बसलाय?" तासाभरात बर्फातून, दोन बस बदलून, मुगाची खिचडी घेऊन हजर. मला वाढून दिली आणि जाताना बॅटरीला हात लावून बघून गेले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग एका सप्टेंबरात त्यांची आई आजारी पडली आणि ते तडकाफडकी सांगलीला गेले. मागे मला गाडी आणि चार पानी यादी. ती मी तंतोतंत पाळली. नवरा हसत होता, पण मी हट्टाला पेटले होते. आपल्यालाही जमतं हे मला दाखवायचं होतं. त्या वर्षी गॅरेजच्या भिंतींना ओल आली. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ टाकायचे, ते मला आठवलं. मी तांदळाच्या चार पुरचुंड्या शिवल्या आणि सीटखाली, वायरींच्या शेजारी खोचून ठेवल्या. यादीत नसलेली ही एकच गोष्ट मी केली आणि तिचा मला मोठा अभिमान वाटला.

जानेवारीत आई गेल्या. भाऊजी मार्चमध्ये परत यायचे होते. त्याच्या आठ दिवस आधी मी चादर उचलून पाहिली, तर उंदरांनी तांदूळ फस्त केला होता, सीटच्या स्पंजात घर केलं होतं आणि वायरिंग कुरतडून ठेवलं होतं. नवरा म्हणाला, "तांदळाचं सांगू नकोस. उंदीर काय, कुठल्याही गॅरेजमध्ये असतात." आठ दिवस मला झोप नाही. जो माणूस एकदाचा यायचा बंद व्हावा म्हणून मी आठ वर्षं कुरकुरले, तो आता खरंच यायचा बंद होईल अशी धास्ती मला लागली होती.

ते आले, डोक्यावर नुकते उगवलेले केस. सरळ गॅरेजमध्ये गेले, सीट उचलली आणि बघत राहिले. मी सगळं सांगून टाकलं, पुरचुंड्यांसकट.

एक कुरतडलेली पुरचुंडी उचलून त्यांनी विचारलं, "तांदूळ कुठला?"

"बासमती."

"मग उंदरांचं काय चुकलं?" असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता तिथेच फळीवर बसून रडायला लागले. आईसाठी ते तोवर रडलेच नव्हते, हे त्यांनी नंतर सांगितलं.

ऑगस्टपर्यंत दर शनिवारी येऊन त्यांनी ते वायरिंग नव्यानं घातलं. मी टॉर्च धरायचे, मग पक्कड धरायला लागले, मग यादी न बघता प्लग काढायला लागले. चूक झाली की अजूनही वैतागून "वहिनी, ही मोटरसायकल आहे, कुकर नाही" म्हणायचे. त्या दसऱ्याला मात्र खिशात हात घालून बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा तुम्ही ठेवा."

पुढच्याच वर्षी त्यांना स्कॉटलंडमध्ये नोकरी मिळाली. तिथल्या घराला शेड होती. आम्हाला गॅरेज मिळालं. पाच वर्षांनी एका ऑक्टोबरात ते हार्ट अटॅकनं गेले.

आम्ही पोचलो तेव्हा पुण्याहून त्यांचा पुतण्या आलेला होता. क्रिमेटोरियमहून परतल्यावर तो आणि माझा नवरा कागदपत्रं चाळत बसले. मी शेडमध्ये गेले. गाडी नुसतीच उभी होती. मी हत्यारांची पेटी उघडली. पुतण्या दारात येऊन म्हणाला, "काकू, कशाला त्रास घेताय? विकायचीच आहे ती."

"विकेपर्यंतची थंडी तिलाच काढायची आहे ना," मी म्हटलं.

कार्बुरेटर रिकामा केला, प्लग काढून तेल सोडलं, किकनं इंजिन दोनदा हळूच फिरवलं. आणि त्या गारठलेल्या शेडमध्ये मला भाऊजींचा इतका राग आला की रडू आवरेना. पन्नाशीही न गाठता कुणी असं निघून जातं का, दसरा चार दिवसांवर आलेला असताना, गाडी तशीच उभी टाकून?